पासष्टीला शाल-श्रीफळ मिळालं, आता पेन्शनचं बोला

आपल्या राज्यात अंगणवाडी सेविका पासष्टाव्या वर्षी रिटायर होते आणि त्या दिवसापासून तिची महिन्याची कमाई शून्य होते. पेन्शन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. सेविकेला एकरकमी एक लाख आणि मदतनीस बाईला ७५ हजार असा एक लाभ ठरवलेला होता, पण तोही वेळेवर हातात पडेल याचा भरवसा नाही, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी त्यासाठी ऑफिसचे उंबरे झिजवलेत. मी स्वतः बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावात हे काम केलं. लग्न होऊन आले तेव्हा दहावी पास झालेली सून गावात मी एकटीच होते म्हणून माझं नाव पुढे आलं, आणि नंतर माझी मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, नातवंडं त्याच अंगणवाडीत येऊन बसली तरी मी तिथेच. म्हणजे या विषयात मी बाहेरची नाही, हे आधीच सांगते. पण प्रश्न माझ्या एकटीचा नाही. राज्यात एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत, प्रत्येकीत एक सेविका, बहुतेक ठिकाणी एक मदतनीस, म्हणजे दोन लाखांच्या आसपास बाया, आणि त्या सगळ्या कधी ना कधी पासष्टीला पोचणारच आहेत.

पेन्शनचं नाव काढलं की पहिलं उत्तर येतं, अहो ताई, तुम्ही समाजसेवा केली, पुण्य कमावलं, त्याचं मोल पैशात कसं करायचं. हे बोलणारी माणसं वाईट नसतात, आदरानेच बोलतात. पण मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगायचंय.

सेवा म्हणजे काय ते आपल्या महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली पोरांसाठी जे केलं त्यातूनच अंगणवाडीची कल्पना आली. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, शंख-शिंपले, बिया, पानं हेच शिकवायचं सामान. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पुढे पद्मश्री. आमच्या ट्रेनिंगमध्ये ही नावं घेतली की आम्हाला अभिमान वाटायचा आणि आजही वाटतो. पण त्या दोघींनी ते काम स्वतः ठरवून केलं, त्यांच्यावर कुणी टार्गेट लावलेलं नव्हतं, सुट्टी घेतली म्हणून कुणी पैसे कापत नव्हतं. सरकारने २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली आणि हळूहळू गावोगाव नेली तेव्हा त्यात नेमणुकीची ऑर्डर आली, कामाची वेळ आली, रजिस्टरं आली, मुख्यसेविका मॅडमची व्हिजिट आली, कारणे दाखवा नोटीस आली. ज्या कामात नोटीस निघते आणि गैरहजेरी लागते ते काम नोकरीच असतं. मनात सेवेची भावना होती का, तर होती, भरपूर होती. ती नर्सबाईच्या मनातही असते आणि चांगल्या मास्तरच्या मनातही असते, म्हणून त्यांचा पगार आणि पेन्शन कुणी थांबवत नाही.

आणि सरकारलाही हे माहीत आहे. २०१८ च्या मार्चमध्ये आम्हाला मेस्मा लावला होता, म्हणजे अत्यावश्यक सेवेचा कायदा, संप केला तर कारवाई. विधिमंडळात गोंधळ झाला, सत्तेतल्याच पक्षाच्या आमदारांनी विरोध केला आणि तो मागे पडला ते सोडा. माझा मुद्दा एवढाच आहे की संप करायच्या वेळी आम्ही इतक्या अत्यावश्यक की आमच्याशिवाय राज्याचं चालत नाही, आणि म्हातारपणाची सोय करायच्या वेळी आम्ही स्वयंसेविका. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

आता काम काय होतं ते थोडं सांगते कारण शहरातल्या बऱ्याच लोकांना अजून वाटतं की अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटणं आणि दोन गाणी म्हणणं. कागदावर सहा सेवा आहेत, पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा म्हणजे गरज पडली तर दवाखान्यात पाठवणं, पोषण-आरोग्याचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या पोरांचं शाळेआधीचं शिक्षण. आमच्या भागात याच्यावर आणखी एक ओझं, ते म्हणजे ऊसतोड. दसरा झाला की मुकादमाची गाडी येते, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी कोयता घेऊन निघतात, गाव अर्धं रिकामं होतं आणि पोरं एकतर आजीपाशी राहतात नाहीतर आईबापाबरोबर फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत. मार्च-एप्रिलला माणसं परत आली की मी पहिल्यांदा वजनकाटा काढायचे. जाताना बरं असलेलं पोर परत येताना लाल श्रेणीत, म्हणजे तीव्र कुपोषणात, गेलेलं असायचं, दंडाचा घेर बघितला तरी कळायचं. मग त्या पोराच्या घरी रोज जायचं, त्याच्या आईला रागवायचं नाही कारण तिने सहा महिने पहाटे तीनला उठून मोळ्या बांधलेल्या असतात, तिला बसवून सांगायचं की दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं भरव, तेल घाल, अंडं मिळालं तर दे, आणि दवाखान्यात न्यायची वेळ आली तर तिच्याबरोबर जायचं कारण एकटी ती तालुक्याच्या दवाखान्यात जात नाही, घाबरते. गावाला परतलेली गरोदर सून असेल तर तिची नोंद कुठे झाली, लस कुठे घेतली, काहीच कागद नसायचा, सगळं पहिल्यापासून. हे काम चार तासात बसत नाही. कुणाचंच बसत नाही.

पोलिओचं पण असंच. १९९५ ला पल्स पोलिओ सुरू झालं तेव्हापासून रविवार बूथवर आणि पुढचे दिवस घरोघर, दारावर खडूने खुणा करत, वीटभट्टीवर, पालांवर, यात्रेत, जिथे पोर असेल तिथे. २०१४ च्या मार्चमध्ये भारताला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. मोठ्या लोकांनी मोठी भाषणं केली, केली पाहिजेत, पण ते थेंब पोरांच्या तोंडात कुणी घातले याची आठवण पेन्शनच्या फाईलवर पण रहायला हवी असं मला वाटतं. नंतर कोरोनात घरोघर जाऊन ताप बघणं झालं, मतदार यादीचं बीएलओचं काम झालं, सर्वे तर विचारूच नका.

पण मला सगळ्यात जास्त जे बोलायचंय ते वेगळंच आहे, आणि ते फारसं कुणी बोलत नाही. ही योजना केंद्राच्या पैशावर चालते, राज्याच्या पैशावर चालते असं सगळे म्हणतात, पण तिसरा एक हिस्सा होता आणि तो सेविकेच्या घराने भरला. अंगणवाडीला स्वतःची खोली नव्हती तेव्हा ती आमच्या ओसरीवर भरायची. सुकडीची, तांदळाची पोती आमच्याच घरात, उंदरापासून राखायची जबाबदारी आमची. खिचडीला तेल-मीठ कमी पडलं तर घरातलं, सरपण घरातलं, सामानाचं बिल निघेपर्यंत दुकानदाराकडे उधारी आमच्या मालकांच्या नावावर. मिटिंगला तालुक्याला जायचं एसटीचं भाडं आधी आपलं, मिळालं तर मागून. माझी मुलगी शाळेत असल्यापासून मला रजिस्टरं आखून द्यायची, महिन्याचा अहवाल भरायला रात्री शेजारी बसायची, आणि मोबाईल आला तेव्हा ॲपमध्ये माहिती भरून देणारा माझा मुलगा, कारण ॲप इंग्रजीत. २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते बिघडलेले मोबाईल परत केले ते काही मस्ती म्हणून नाही केले, गरम होऊन बंद पडायचे, दुरुस्तीचा खर्च परत आमच्याच डोक्यावर.

आणि सासूबाई. माझी स्वतःची दोन्ही लेकरं त्यांनी सांभाळली म्हणून मी गावाची लेकरं सांभाळू शकले. त्या अडाणी होत्या, पण कुठलीही बाळंतीण दारात आली तर आधी तिला बसायला टाकायच्या आणि मग मला हाक मारायच्या. मालकांनी कोरडवाहू शेतात एकट्याने राबून घर चालवलं आणि वर्षानुवर्षं वजनकाट्यासकट मला वस्त्यांवर नेलं, आधी सायकलवर मग मोटरसायकलवर. घरात भांडणं झाली नाहीत असं नाही, झाली, एवढ्याशा पैशासाठी एवढी पायपीट कशाला असं ते कितीदा तरी म्हणाले आणि त्यांचं चुकत नव्हतं. सुरवातीला महिन्याला काही शे रुपये मिळायचे. त्यात घर चालत नव्हतंच, घराने मला चालवलं. आता ते थकलेत, बीपी-शुगरच्या गोळ्या दोघांनाही आहेत. त्यामुळे कुणी म्हणालं की सेविकेचं म्हातारपण ही तिच्या कुटुंबाची जबाबदारी आहे, तर मी म्हणेन की त्या कुटुंबाने आपला वाटा आधीच भरलाय, भरपूर आधी.

कायद्याचं बघू. २००६ मध्ये कर्नाटकच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की अंगणवाडी सेविका या सरकारी पदावर नाहीत. त्या निकालाचा आधार घेऊन पुढची कितीतरी वर्षं आम्हाला गप्प केलं गेलं. पण २५ एप्रिल २०२२ ला गुजरातच्या सेविकांच्या केसमध्ये त्याच कोर्टाने, न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांनी, सांगितलं की १९७२ चा ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचा, कायदा सेविका आणि मदतनीस दोघींना लागू होतो. कारण महत्त्वाचं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर-स्तनदा बायांना आणि सहा वर्षांपर्यंतच्या पोरांना आहार देणं हे सरकारचं कायद्याने बंधनकारक कर्तव्य झालं आणि ते अंगणवाडीमार्फत पार पडतं, म्हणजे आता ही नुसती योजना राहिली नाही, कायद्याचं काम झालं. आणि मानधन म्हणा की काही म्हणा, कामाच्या बदल्यात मिळतं ते वेतनच. हे काम अर्धवेळ आहे हे म्हणणंसुद्धा कोर्टाने मानलं नाही. त्याच्याही आधी २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेत, जिथे सरकार, मालक आणि युनियन तिघं बसतात, तिथे शिफारस झाली होती की योजना कर्मचाऱ्यांना कामगार माना, किमान वेतन द्या, पेन्शन द्या. म्हणजे नवीन काही मागत नाहीये आम्ही.

ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा आहे, भरलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. दहा हजार मानधनावर तीस वर्षं काम केलेल्या सेविकेचे साधारण १ लाख ७३ हजार होतात. मिळाले पाहिजेत, व्याजासकट मिळाले पाहिजेत. पण निकाल आला म्हणजे पैसे आले असं होत नाही, आणि आले तरी एकरकमी पैसा गावाकडे कसा जातो ते सगळ्यांना माहीत आहे. घराचं पत्र्याचं काम निघतं, नातीचं लग्न निघतं, कुणाचं ऑपरेशन निघतं, दोन वर्षांत पासबुक रिकामं. म्हातारपणी लागतो तो दर महिन्याचा पैसा, गोळ्यांना, चष्म्याला, आणि सुनेपुढे हात न पसरता नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवता यावेत म्हणून पण. हे शेवटचं कुणाला किरकोळ वाटेल, मला नाही वाटत.

मग आज पासष्टीनंतर तिला काय मिळू शकतं? श्रावणबाळ योजनेतले महिन्याला दीड हजार. त्यासाठी दाखला काय लागतो तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार. आता इतकं कमी उत्पन्न असलेलं घर खरं किती ठिकाणी असेल? म्हणजे आयुष्यभर गावाच्या नोंदी खऱ्या ठेवणाऱ्या बाईने शेवटी खोटा दाखला काढायचा किंवा उपाशी रहायचं. माझ्या कामातलं शेवटचं मोठं काम लाडकी बहीणचे फॉर्म होतं, २०२४ च्या पावसाळ्यात, रात्री नेटवर्क येतं म्हणून रात्री बसून बायांचे फॉर्म भरले. त्या योजनेच्या मी विरोधात नाही, उलट कितीतरी घरात मी बघितलंय की तो पैसा पहिल्यांदा बाईच्या स्वतःच्या हातात आला. पण वयाची अट वाचा, २१ ते ६५. ज्या वयाला सेविकेचं मानधन बंद होतं त्याच वयाला तिथलंही दार बंद होतं. बाई म्हातारी झाली की तिला पैसा लागत नाही असं कोणत्या घरात असतं?

पैसा कुठून आणायचा हा प्रश्न खरा आहे, त्याला मी टाळत नाही. समजा निवृत्त सेविका-मदतनीस पन्नास हजार आहेत आणि प्रत्येकीला महिन्याला पाच हजार द्यायचे, तर वर्षाचे ३०० कोटी होतात. लाडकी बहीणमध्ये दोन कोटींवर बायांना दीड हजार देताना राज्याला एका महिन्यात तीन हजार कोटींच्या वर लागतात. म्हणजे आकडा आवाक्याबाहेरचा नाही, प्रश्न कुणाला आधी धरायचं याचा आहे. एकदा निवडून आलेल्या माजी आमदाराला महिन्याला ५० हजार पेन्शन आहे, तीही लोकसेवाच, आणि तिथे सेवेचं मोल पैशात करायला अडचण आली नाही. आमच्या मानधनातून दर महिन्याला थोडी रक्कम कापा, आम्ही तयार आहोत, त्यात केंद्राने आणि राज्याने आपापली भर घालावी. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेचं मानधन तीन हजाराचं साडेचार हजार केलं, राज्याने २०२३ च्या बजेटमध्ये आपली भर धरून ८३२५ चं दहा हजार केलं, पुढेही वाढ झाली आणि ती संप केल्यावर का होईना झाली, ते मी मान्य करते. पण प्रत्येक वाढ कामावर असलेल्या बाईची. कामावरून उतरलेली बाई कोणत्याच बजेटमध्ये नाही. तामिळनाडूत सेविकांना विशेष वेतनश्रेणी आहे, निवृत्तीनंतर दरमहा काही पेन्शन आहे, रक्कम थोडी आहे पण दर महिन्याला आहे. तिथलं सरकार त्याने बुडालं नाही.

एक शंका आमच्यातल्याच काहीजणी काढतात, की आधी कामावर असलेल्यांचं वेतन होऊ द्या, पेन्शन नंतर बघू, एकदम सगळं मागितलं तर काहीच मिळणार नाही. मला त्यांची काळजी समजते, डिसेंबर २०२३ चा संप जानेवारी संपत येईपर्यंत चालला, त्यात पोरींचे किती हाल झाले ते मी बघितलंय. पण पेन्शन नंतर म्हणता म्हणता एक अख्खी पिढी निघून गेली. माझ्याबरोबर ट्रेनिंगला असलेल्या काही जणी आता नाहीत, आणि ज्या आहेत त्यातली एकजण आज दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, पासष्टीच्या पुढे, पाठीचा त्रास असताना. आज नव्याने भरती होणाऱ्या पोरी बारावी-ग्रॅज्युएट आहेत, मोबाईल झरझर चालवतात, त्यांनाही तिचं काय झालं ते दिसतं. शेवट असा आहे हे कळल्यावर त्यातली हुशार पोरगी इथे किती दिवस टिकेल, आणि ती गेली तर नुकसान तिचं नाही, गावातल्या पोरांचं आहे.

पेन्शन ठरवताना एक चूक होऊ नये म्हणून सांगते. शेवटच्या मानधनाच्या अर्धं असा नियम केला तर आत्ता रिटायर होणारीचं बरं होईल, पण दहा वर्षांपूर्वी घरी बसलेल्या बाईचं शेवटचं मानधनच इतकं कमी होतं की तिला हजार-दोन हजार पडतील. तिनेच तर बिनइमारतीच्या काळात योजना उभी केली. म्हणून पेन्शन आजच्या मानधनावर धरा, आणि मानधन वाढलं की तिचंही वाढू द्या.

आणि सुरवात मदतनीस बाईपासून करा. आमच्या अंगणवाडीतल्या मावशींनी माझ्याइतकीच वर्षं काम केलं, पोरांना घरून हाताला धरून आणलं, शी-शू काढली, चूल फुंकली, पाणी भरलं, आणि मी मिटिंगला गेले की शाळाही घेतली. २०२३ च्या वाढीनंतर त्यांचं मानधन साडेपाच हजार होतं, माझ्यापेक्षा निम्म्याच्या जरा वर. त्या विधवा आहेत, शेत नाही, लिहिता-वाचता जेमतेम येतं, ऑफिसात जाऊन भांडणं त्यांना जमत नाही. मला निदान हे सगळं लिहिता तरी येतंय. सरकारने पेन्शनचा पहिला कागद काढला तर त्यावर सेविकेच्या आधी मदतनीसाचं पद असावं आणि दोघींना रक्कम सारखी असावी, कारण पासष्टीनंतर औषधाच्या दुकानात दोघींना एकाच भावाने गोळ्या मिळतात.